मन टिकत नसेल तर ध्यान कुठं शिकावं: शिबिर, मोबाईल, माळ की गावातली पहाटेची बैठक?

ज्याचं मन मुळातच एका जागी राहत नाही, त्याला ध्यान शिकायचं असेल तर आमच्या भागात आज चार वाटा सहज सापडतात. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, मोबाईलवर ऐकत घरीच बसणं, हातात माळ घेऊन नामजप, आणि तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं पहाटेचं सामुदायिक ध्यान. चारही मी करून पाहिल्या आहेत. अमरावती जिल्ह्यात माझी कपाशी, तूर आणि थोडं ओलित आहे, तेव्हा जे सांगतो ते शेतकऱ्याच्या वेळापत्रकातून दिसलेलं आहे. नोकरीतल्या माणसाला यातलं काही वेगळं वाटू शकेल.

अस्वस्थपणा कोणता, हे आधी स्पष्ट करतो. डोळे मिटले की पीककर्जाचं नूतनीकरण, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, पोरीची फी, परवा कोणाशी झालेलं भांडण हे सगळं रांगेनं पुढ्यात येऊन उभं राहतं, पाय हलायला लागतो, पाठीला खाज सुटते आणि उठून काहीतरी करावंसं वाटतं. इथं मी बोलतो आहे ते या अस्वस्थपणाबद्दल. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जेवण जात नाही, जगण्यातच राम वाटत नाही, त्यानं कृपा करून ध्यानापासून सुरुवात करू नये. आधी डॉक्टरला भेटावं. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथं मराठीतून बोलता येतं. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात. तिथं खरं तेच लिहावं.

आता शिबिर. शिकवण्याच्या बाबतीत त्याला तोड नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. ही शिबिरं ज्यांनी सुरू केली त्या सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते ही विद्या शिकले आणि १९६९ पासून भारतात शिबिरं घेऊ लागले. इगतपुरीच्या केंद्राचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण वऱ्हाडातल्या माणसानं एवढ्या लांब जायची गरज नाही. नागपूरजवळ माहुरझरीला केंद्र आहे. पहिले तीन-साडेतीन दिवस तिथं एकच काम असतं, येणारा-जाणारा श्वास पाहणं. तोही नाकाच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर, एवढ्याशा जागेत. चंचल माणसाला हे फार उपयोगी पडतं, कारण मनाला उभं राहायला नेमकी जागा मिळते. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतच्या संवेदना क्रमानं पाहायच्या आणि त्यांना प्रतिसाद द्यायचा नाही. खाज सुटली तरी खाजवायचं नाही, ती कशी येते आणि कशी जाते तेवढं पाहायचं. इतक्या पायरीपायरीनं शिकवणारं दुसरं काही मला आमच्याकडे भेटलेलं नाही.

राहण्या-जेवणाचे पैसे लागत नाहीत. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं आणि दानही शिबिर पूर्ण झाल्यावरच घेतात.

अडचण वेळेची आहे. म्हणतात दहा दिवस, पण आदल्या दिवशी दुपारी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचं, म्हणजे घरातून बारा दिवस गेले. दिवाळीपासून पुढं कपाशीची वेचणी, मग तूर, मग हरभरा, आणि मृगाआधी पेरणीची तयारी. शेतकऱ्याला खरा मोकळा वेळ मिळतो तो मार्चच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत, आणि तेव्हा ऊन पंचेचाळीसला टेकलेलं असतं, शिवाय लग्नसराई. तरी ठरवलं तर जमतं. बायकांचं जमणं त्याहून कठीण, पण ज्यांचं जमलं त्यांच्याकडून मी ऐकलं आहे की एवढे दिवस कोणी चहा मागितला नाही, तिथूनच अर्धं मन निवलं.

आमच्याकडच्या पुरुषांसाठी आणखी एक अट भारी पडते, ती खर्ऱ्याची. शिबिरात तंबाखू कोणत्याही रूपात चालत नाही. सुरुवातीच्या दिवसांत शेजारच्या माणसाची जी तगमग मी पाहिली ती ध्यानानं आलेली नव्हती, खर्रा तुटल्यामुळे होती. आणि त्याला मात्र ध्यान आपल्याला जमत नाही असंच वाटत राहिलं. खर्रा खात असाल तर महिनाभर आधीपासून कमी करत न्या. दोन लढाया एकदम लढू नका.

मोबाईलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ॲपमधला आवाज मृदू असतो, वेळ आपल्या सोयीची असते, शिकण्यात काही चूकही नसते. पण आमच्या भागात फोन म्हणजे बाजार समितीचे भाव, पावसाचा अंदाज, बँकेचा मेसेज आणि सोयऱ्यांचे फोन. ज्या वस्तूनं दिवसभर मनाला ओढून ओढून दमवलं, तिलाच समोर ठेवून शांत बसायचं, हे मला जड गेलं. आणखी एक गोष्ट. समुद्रकिनारी बसला आहात अशी कल्पना करा, लाटांचा आवाज ऐका, असं त्यात सारखं येतं. माझ्या आईनं समुद्र पाहिलेला नाही. तिला मी ते ऐकवलं तेव्हा ती लाटा कशा असतात याचाच विचार करत बसली. शहरात राहणाऱ्या, एकट्या माणसाला हे साधन उपयोगी पडत असेल, नाही म्हणत नाही.

माळेचं तसं नाही. शेगावच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला 'गण गण गणात बोते' वेगळं शिकवावं लागत नाही. जप करताना हाताला काम असतं, ओठाला काम असतं, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांची घालमेल बरीच कमी होते. वयस्कर माणसांना आणि ज्यांची श्रद्धा आधीच पक्की आहे त्यांना मी माळच सुचवीन. माझ्या बाबतीत मात्र एकशे आठ मणी मनाला हिशेब पुरवू लागले. किती झाले, मेरुमणी किती दूर, आज किती माळा. नाव तोंडात आणि आकडा मनात, असं व्हायचं.

आणि इथंच तो मुद्दा येतो ज्यानं माझ्यापुरता निकाल लागला.

घरी एकटा ध्यानाला बसलो की मला सगळ्यात जास्त त्रास विचारांनी दिला नाही. किती वेळ झाला, या एका प्रश्नानं दिला. शिबिरातून आल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा असं सांगतात. मी देवघराच्या खोलीत बसायचो. भिंतीवर घड्याळ. श्वास नाकाशी यायचा, जायचा, आणि मध्येच आत कोणीतरी विचारायचं, वीस मिनिटं झाली असतील का? डोळा किलकिला करून पाहावं तर नऊच मिनिटं. मग पुन्हा बसायचं, आणि आता श्वासाऐवजी उरलेल्या मिनिटांवरच लक्ष. घड्याळ दुसऱ्या खोलीत नेलं तर मन आवाजांवरून वेळ काढायला लागलं. दूधवाल्याची फटफटी गेली म्हणजे इतके वाजले, पहिली एसटी फाट्यावर थांबली म्हणजे इतके. फोनचा गजर लावला तर त्या गजराची वाट पाहणं हेच ध्यान होऊन बसलं, आणि गजर वाजायच्या आधी तो बंद तर नाही ना पडला ही शंका.

शिबिरात हा त्रास का नव्हता, याचा मी पुष्कळ विचार केला. तिथंही तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायच्या बैठका असतात, दिवसातून तीन. गुडघे ठणकायचे, मन पळायचंच. पण वेळ माझ्या ताब्यात नव्हती. ध्वनिमुद्रित आवाजात गोयंकाजींचे बोल पुन्हा सुरू झाले की बैठक संपत आली हे कळायचं, त्याआधी कळायचा काही मार्गच नव्हता. पाहायचं कशात? शेजारी पन्नास माणसं बसलेली, मध्येच उठून जायची सोय नाही. म्हणून मी बसलो. घरी आलो तशी वेळ परत माझ्या हाती आली आणि चंचल मनानं तीच धरून ठेवली.

ज्यांचा स्वभाव स्थिर आहे त्यांना हे फार क्षुल्लक वाटेल. पण ध्यान सोडून दिलेल्या ज्या ज्या ओळखीच्यांशी मी बोललो, त्यातल्या बऱ्याच जणांनी आडून आडून हेच सांगितलं. विचार येतात म्हणून नव्हे, वेळ सरत नाही म्हणून सोडलं.

माझा हा त्रास संपला तो गावातल्या प्रार्थना मंदिरात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, इथल्याच यावलीचा. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा नेम गावोगावी नेला. खंजिरीवरचं भजन लोकांच्या लक्षात राहिलं, पण माझ्या मते त्यांचं मोठं काम हे, की शांत बसणं ही एकट्यानं करायची गोष्ट त्यांनी गावाची केली. आजही कितीतरी गावांत मंडळ टिकून आहे. आमच्याकडे पहाटे एक काका मंदिर उघडतात, सतरंजी अंथरतात, दिवा लावतात. येणारे येतात आणि बसतात. ना अर्ज, ना नाव नोंदणी. काका सुरू करतात आणि काकाच संपवतात. किती वेळानं, ते त्यांचं त्यांना माहीत. मी त्यांना सुरुवातीलाच विचारलं होतं, काका, माझं मन लागत नाही, काय करू? ते म्हणाले, "नाई लागत तं नको लागू दे बाप्पा. तू बसून राय."

त्यांच्या बोलण्यात पद्धत काहीच नाही, हे मला कळतं. पण नवा गोऱ्हा आधी जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात, तसं मला तिथं झालं. बाजूला बसलेला म्हातारा हलत नाही, म्हणून मी हललो नाही. उठून जावंसं वाटलं तरी सगळ्यांसमोर उठायची लाज वाटली, आणि त्या लाजेनं मला पहिल्या कठीण आठवड्यांतून पार नेलं. श्वास कसा पाहायचा ते शिबिरानं दिलं होतं, तेच तिथं बसून करू लागलो. किती वेळ झाला हा प्रश्न हळूहळू आपोआप गळून पडला, कारण त्याचं उत्तर द्यायला मी बांधलेलाच नव्हतो.

गावातल्या बैठकीचे दोषही सांगायला हवेत. तिथं शिकवणारं कोणी नसतं. डोळे मिटून आत काय करायचं हे तुम्हाला माहीत नसेल तर नुसतं बसणं होतं, आणि काहींना डुलकी लागते. पेरणीच्या दिवसांत दोन-तीन म्हातारेच उरतात. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की एका पॅनेलचे लोक यायचे थांबतात, हे फार वाईट वाटतं पण घडतं. पहाटे बायका क्वचितच येतात, त्यांची गर्दी संध्याकाळच्या प्रार्थनेला. आणि ज्याला भक्तीचे शब्दच नकोत त्याला प्रार्थनेचा भाग जड जाईल. अशा माणसानं गावातल्या बुद्धविहारात विचारून पाहावं. विदर्भात विहार नाही असं मोठं गाव सापडणं कठीण, आणि कित्येक ठिकाणी वंदनेनंतर काही वेळ आनापानाला, म्हणजे श्वास पाहायला, बसतात. अमुकच ठिकाण हवं असा माझा आग्रह नाही. जिथं वेळ दुसरा कोणी राखतो आणि शेजारी माणसं बसलेली असतात, अशी जागा हवी. शिबिर केलेल्यांसाठी एका दिवसाची शिबिरं आणि सामूहिक साधना असते, पण ती बहुधा शहरात. खेड्यातून रोज तिथं जाणं होत नाही.

शेतातच ध्यान लागतं, वेगळं बसायचं कशाला, असंही आमच्याकडे म्हणतात. डवऱ्यामागं चालताना ओळ सरळ ठेवायची असते, तेव्हा थोडं खरंही असेल. कापूस वेचताना मात्र हात आपोआप चालतो आणि मन गावभर हिंडून येतं. ज्याचं मन आधीच हिंडतं त्याला हा सल्ला उपयोगाचा नाही असं मला वाटतं.

तेव्हा मला विचाराल तर, एकटे राहत असाल, बारा दिवस मोकळे असतील आणि नीट पद्धत हवी असेल तर शिबिर आधी केलंत तरी हरकत नाही. पण मन फार चंचल असेल आणि शिबिरानंतर घरी परत याच गोंधळात यायचं असेल, तर आधी दोन-तीन महिने गावातल्या पहाटेच्या बैठकीला जा. गुडघ्यांना मांडीची सवय होईल, खर्रा कमी होईल, लोकांत गप्प बसायची भीड चेपेल. मग हरभरा निघाल्यावर शिबिराला जा. अर्ज बराच आधी भरा, जागा लवकर भरतात. परत आल्यावर एकट्यानं देवघरात बसण्यापेक्षा पुन्हा त्याच सतरंजीवर बसा. सकाळचा तास तिथं पुरा होत नसेल तर जेवढा होतो तेवढा होऊ द्या.

तुमच्या गावी मंडळ बंद पडलं असेल तर जुन्या गुरुदेवभक्तांपैकी एकाला जाऊन भेटा. मंदिराची किल्ली बहुतेक त्यांच्याच घरी असते, आणि कोणी विचारलं की ती माणसं आनंदानं येतात. दोघं मिळाले तरी पुरे, फक्त सुरू करणं आणि संपवणं त्यांच्याकडे द्या. ओलितासाठी वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात पहाटेचं सोडा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला जा.