चार बिलं ऑइलची, ऑइल मात्र एकदाही नाही

चार वर्षांत चार वेळा मी गाडीचं इंजिन ऑइल बदलण्याचे पैसे दिले. चारही बिलं माझ्या फाईलमध्ये आहेत, शिक्क्यासकट. ऑइल एकदाही बदललेलं नव्हतं. हे मला समजलं तेव्हा इंजिन उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये लोखंडी टेबलावर ठेवलं होतं आणि खर्चाचा आकडा लाखाच्या पुढं गेला होता.

गॅरेजचं नाव इथं लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढं जायचं आहे. पण फसवण्याची रीत मात्र सविस्तर लिहितो, कारण ती कुठल्याही गावात, कुठल्याही गॅरेजात चालू शकते.

गाडी २०१४ ची, डिझेल हॅचबॅक. मी शिक्षक आहे. शाळा कोल्हापूरपासून १४ किलोमीटरवर, रोजचं जाणं-येणं याच गाडीनं. कंपनीची फुकट सर्व्हिसिंग संपल्यावर गाडी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या एका जुन्या मेकॅनिककडं जायची. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि गाडीखाली उतरायचा एक खड्डा, म्हणजे पिट. त्यांना एक सवय होती. नवा ऑइल फिल्टर बसवायच्या आधी त्यावर पांढऱ्या पेंटनं तारीख आणि किलोमीटर लिहायचे, मराठी आकड्यांत. एकदा मी विचारलं, मामा, हे कोण वाचणार? ते म्हणाले, "पुढच्या खेपेला मीच वाचणार की. माझी आठवण खोटं बोलंल, फिल्टर बोलणार न्हाई."

२०१९ च्या दिवाळीनंतर मामांच्या गुडघ्यानं दगा दिला आणि त्यांनी शेड बंद केली. पुढच्या वर्षी कोरोनामुळं शाळा बंद, गाडी फारशी फिरली नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्व्हिसिंगचा विषय निघाला तेव्हा सहकाऱ्यानं एक नवं गॅरेज सुचवलं. काचेची केबिन, संगणकावरचं बिल, आणि गाडी घरून न्यायची, संध्याकाळी धुऊन-पुसून घरी आणून सोडायची सोय. माझ्यासारख्या नोकरदाराला याहून काय हवं?

खरं तर इथंच सगळं बिघडलं. मामांकडं मी स्टुलावर बसून चहा पीत सगळं काम बघायचो. इथं गाडी सकाळी जायची आणि संध्याकाळी यायची, मधल्या आठ तासांत तिचं काय झालं ते मला फक्त बिल सांगायचं. गाडी चकाचक असायची. आतून सुगंधी फवारा मारलेला, पायाखाली कागद अंथरलेले, काचेच्या कोपऱ्यात पुढच्या सर्व्हिसिंगचा स्टिकर. बिलावर सिंथेटिक ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, मजुरी, सगळं ओळीनं. धुतलेली गाडी डोळ्यांना दिसते. इंजिनच्या पोटातलं ऑइल कुणाला दिसतं?

एकदा मात्र मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून बघितली होती. सर्व्हिसिंग होऊन चारच दिवस झाले होते आणि ऑइल काळंभोर. मी फोन केला. पलीकडून हसून उत्तर आलं, "सर, डिझेल गाडी आहे. डिझेलचं ऑइल दोन दिवसांत काळंच पडतं." हे खरं आहे. डिझेल जळताना काजळी होते आणि ती आपल्यात धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळं नवं ऑइलसुद्धा लगेच काळं होतं. एका खऱ्या गोष्टीच्या आड त्यांनी आपलं खोटं लपवलं. मी इंटरनेटवर शोधलं, तिथंही तेच वाचलं आणि निश्चिंत झालो. पातळीही बरोबर होती, कारण कमी झालेल्या जागी थोडं वरून ओतून ती खुणेपर्यंत आणलेली असायची.

२०२३ च्या पावसाळ्यात पहिली खूण दिसली. कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी गरम असताना, न्यूट्रलमध्ये, डॅशबोर्डवरचा ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकला. अॅक्सिलरेटर दिला की जायचा. गॅरेजनं सांगितलं, प्रेशर स्विच खराब आहे. ६५० रुपये घेऊन तो बदलला. दिवा थांबला. नंतर ज्यांनी इंजिन उघडलं ते उद्यमनगरचे मिस्त्री आता सांगतात की त्याच वेळी बहुधा जाड ऑइल वरून टाकलं असणार, त्यानं दाब तेवढ्यापुरता वाढतो. हा दिवा ऑइल कमी झाल्याचा नसतो, इंजिनमधला ऑइलचा दाब गेल्याचा असतो, हे मला पंचवीस वर्षं गाडी चालवूनही माहीत नव्हतं. डिपस्टिकवर पातळी पूर्ण असतानाही तो लागू शकतो. तो लागला की गाडी जागच्या जागी बंद करायची, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा न्यायची नाही.

जानेवारी २०२४. पुण्याहून आईला घेऊन येत होतो. आई ७२ वर्षांची, डोळ्याच्या तपासणीसाठी नेलं होतं. तेव्हा पुण्याकडून येताना खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, बोगदा जातानाच्या वाटेवर होता. निम्मा घाट चढल्यावर इंजिनमधून टक-टक आवाज सुरू झाला. आधी वाटलं दगड अडकला. मग दिवा लागला, आणि या खेपेला तो लुकलुकत नव्हता, लागून राहिला. मागं ट्रकांची रांग, बाजूला थांबायला जागा दिसेना. मी म्हटलं, माथ्यावर जाऊन थांबू. ते दीड-दोन किलोमीटर मला महागात पडले. आवाज वाढत वाढत पत्र्याच्या डब्यात कुणी हातोडी आपटावी तसा झाला, आणि माथ्याच्या अलीकडं स्टिअरिंग जड झालं. इंजिन बंद. पुन्हा किल्ली फिरवली तर नुसता एक ठोका, बाकी काही नाही.

रात्रीचे साडेआठ. थंडी. आई कठड्याजवळ शाल गुंडाळून उभी, मला म्हणत होती, "अरे, माझं काही नाही, तू आधी जेवलास का?" क्रेन यायला पावणेदोन तास लागले. तेवढा वेळ बाजूनं जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या वाऱ्यानं ती कठड्याला टेकत होती. पैशाचं नुकसान भरून निघेल. त्या पावणेदोन तासांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गाडी कोल्हापूरला आणायचे ९,५०० रुपये झाले. त्या गॅरेजला न नेता मी ती उद्यमनगरला नेली, तीही मामांच्या सांगण्यावरून. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगतो, उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि ऑइल इंजिनांची जुनी वस्ती. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी मला शेजारी उभं करूनच इंजिन उघडलं, आणि मी हे सगळ्यांना सांगतोय, तुमचं इंजिन उघडायची वेळ आलीच तर तिथं हजर राहा.

गाडीखाली शिरून त्यांनी आधी चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन नट दाखवला. जुनं ऑइल काढायला हाच नट खोलतात. नटाच्या कडांवर चिखलाचा आणि गंजाचा एकसलग थर होता. "सर, ह्याला पाना लागलेला न्हाई. पाना लागला की कड चकाकते." मग चेंबर उतरवला. ऑइल सांडलंच नाही. गुऱ्हाळात काहिलीच्या तळाला करपलेला गूळ चिकटतो तसा काळा घट्ट थर तळाशी बसला होता आणि त्याला जळका वास होता. ऑइल खेचणाऱ्या पंपाची जाळी त्या गाळानं तीन हिस्से बंद झाली होती. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरनं थोडा गाळ उचलून माझ्या बोटावर ठेवला. चोळला तर ग्रीससारखा लागला, आत कचकच.

पिस्टनचा दांडा इंजिनच्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकला, जोडतो तिथली बिग एंडची बेअरिंगं काढली तर वरचा थर जाऊन आतलं तांबं दिसत होतं. क्रँकवरून त्यांनी नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं. "हितं नख अडकतंय म्हंजे ग्राइंडिंग आलं." इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या दांड्यालाही ढिली हालचाल होती. टर्बो मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो याच ऑइलच्या पातळ थराचा, तो थर घाण झाला की टर्बो टिकत नाही.

फिल्टर सगळ्यात शेवटी काढला. मिस्त्रींनी चिंध्यांनी तो पुसला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. पांढरी अक्षरं पिवळी पडली होती, पण वाचता येत होती. १४-११-१९. खाली ७१२००.

गाडी बंद पडली तेव्हा मीटरवर १,०६,३०० होते. म्हणजे ३५,००० किलोमीटर आणि चार वर्षं दोन महिने तोच फिल्टर. माझ्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. चार बिलांवर मात्र चार फिल्टरांचे पैसे लावलेले होते.

मिस्त्री म्हणाले, पूर्वी विहिरीवरच्या इंजिनांना किलोमीटर नसायचे, तर शेतकरी इंजिन किती तास चाललं ते भिंतीवर कोळशानं रेघा ओढून मोजायचे आणि त्यावर ऑइल बदलायचे. ऑइल संपत नाही, पण कामाचं राहत नाही. त्यातली घाण धरून ठेवणारी आणि झीज रोखणारी द्रव्यं खर्च होतात, उष्णतेनं ते आंबतं, दाट होतं आणि शेवटी गाळ होऊन बसतं. वरून नवं ओतलं तरी खालचा गाळ तिथंच राहतो.

क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगं, ऑइल पंप, रिंगा, टर्बो, मजुरी धरून १,१४,००० रुपये झाले. २३ दिवस मी एसटीनं शाळेत गेलो.

फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणि चारही बिलं घेऊन मी त्या गॅरेजात गेलो. मालक आधी म्हणाला, डिझेल गाडीचं असं होतं. फिल्टर दाखवल्यावर म्हणाला, पोरानं फिल्टर विसरला असेल, ऑइल मात्र बदललंय. नटाचा फोटो दाखवल्यावर म्हणाला, ते पोरगं काम सोडून गेलं. मग पुढची दोन सर्व्हिसिंग फुकट करून देतो म्हणाला. एकदाही "चुकलं" म्हणाला नाही. चार वेळा विसरणारं पोरगं नसतं, ती ठरलेली पद्धत असते. प्रत्येक गाडीमागं तीन-साडेतीन लिटर ऑइल आणि एक फिल्टर वाचतो, आणि इंजिन बसेपर्यंत तीन-चार वर्षं जातात. तोवर गिऱ्हाइकानं गाडी विकलेली असते, नाहीतर तो गाडीच्या कंपनीलाच दोष देतो.

वकिलांकडून रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. आठवड्याभरात मालक २५,००० रुपये रोख घेऊन घरी आला आणि तक्रार करणार नाही असं लिहून द्या म्हणाला. मी घेतले नाहीत. ज्यांना असं काही झालंय त्यांना सांगतो, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला दोन वर्षांची मुदत असते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. आधी माहिती हवी असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बिल मात्र हवंच. कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेऊन दोनशे-तीनशे रुपये वाचवणाऱ्यांच्या हातात अशा वेळी काही उरत नाही. आणि सुटे भाग भंगारात टाकू नका. मिस्त्रींनी ती बेअरिंगं आणि फिल्टर माझ्या हातात दिले नसते तर माझी बाजू नुसती तोंडी राहिली असती.

आता मी ऑइल बदलताना तिथं उभा राहतो. अर्ध्या तासाचं काम आहे. जुनं ऑइल ट्रेमध्ये पडताना बघतो, जुना फिल्टर मागून घेतो, नव्यावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहितो. डब्याचं सील माझ्यासमोर फोडायला सांगतो. रिकामा डबाही भोक पाडून घरी आणतो, कारण नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलकं ऑइल भरून विकण्याचा धंदा चालतो. गाडीच्या पुस्तकात किती लिटर लागतं ते लिहिलेलं असतं, ते बिलावरच्या लिटरशी ताडून बघतो. ज्याला उभं राहायला वेळ नाही त्यानं गाडी द्यायच्या आधी जुन्या फिल्टरवर आणि ड्रेन नटावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यावा. काम झालं असेल तर नव्या फिल्टरवर ठिपका नसेल आणि नटावरचा तडकलेला असेल. जो मेकॅनिक या सगळ्यानं चिडतो त्याच्याकडं पुन्हा जाऊ नये. मामा कधी चिडले नाहीत.

हे सगळं मी आमच्या कॉलनीच्या बैठकीत सांगितलं. त्याच गॅरेजचं गिऱ्हाईक असलेले आणखी तिघं निघाले. गेल्या रविवारी त्यातल्या एकाची गाडी मिस्त्रींच्या पिटावर घेतली, ५८,००० किलोमीटर झालेली. नटावर तोच चिखलाचा थर, एकसलग. त्यांचं इंजिन अजून शाबूत आहे. मिस्त्रींनी चेंबर उतरवून गाळ काढला, जाळी धुतली, नवं ऑइल घातलं आणि हजार किलोमीटरवर ते पुन्हा बदलायला बोलावलंय. त्यांची दोन बिलं आणि जुना फिल्टर माझ्या फिल्टरशेजारी कपाटात ठेवलाय. दोन्ही तक्रारी एकाच दिवशी दाखल करणार आहोत.