महाभारतावरचे कोणते पुस्तक आधी वाचावे?

महाभारतावरचे एखादे चांगले मराठी पुस्तक सुचवा, असे कुणी म्हटले की बहुतेक जण स्वतःला आवडलेल्या पुस्तकाचे नाव सांगून मोकळे होतात. ते उत्तर चुकीचे नसते, पण अपुरे असते, कारण ह्या विषयावर आपल्याकडे जी पुस्तके हमखास पुढे केली जातात ती एका जातीची नाहीत. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ हा एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लिहिलेला लेखसंग्रह आहे, दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ हे ललित चिंतन आहे, शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कर्णाच्या आयुष्यावरची विस्तृत कादंबरी आहे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आणि एस. एल. भैरप्पांची, उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणलेली ‘पर्व’ ह्याही कादंबऱ्याच, पण त्यांची घडण निराळी आहे. एकाची अपेक्षा धरून दुसरे हाती घेतले की पन्नासेक पानांत पुस्तक मिटते आणि दोष मात्र पुस्तकाच्या माथी बसतो.

निवड करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, जी सहसा कुणी सांगत नाही. ही पुस्तके कोणत्या क्रमाने वाचली, ह्यावर त्यांतली काही तुमच्यापुरती टिकतात की नाही हे ठरते. ‘मृत्युंजय’ आधी आणि ‘युगान्त’ नंतर वाचले तर दोन्ही पुस्तके पदरात पडतात. उलट क्रमाने वाचले तर ‘युगान्त’ पुरते पदरात पडते आणि ‘मृत्युंजय’ बहुधा निसटते. माझा क्रम उलटा झाला होता, म्हणून हे जरा ठासून लिहीत आहे. कॉलेजात असताना ‘युगान्त’ची दोन पारायणे करून मी ‘मृत्युंजय’ उघडली आणि प्रत्येक प्रकरणाशी मनातल्या मनात वाद घालत बसलो. कादंबरी अशी वाचायची नसते, हे कळायला बरीच वर्षे गेली.

हे असे का होते, ते एका प्रसंगावरून नीट दिसते. द्रौपदीच्या स्वयंवरात कर्ण धनुष्य उचलायला पुढे येतो आणि ‘मी सूताला वरणार नाही’ असे ती भरसभेत सांगते, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. कर्णाच्या दुःखाचे मूळ आपण तिथेच शोधतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली हाती घेऊन 1966 साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र द्रौपदीचे हे वाक्य मूळ संहितेत घेतलेले नाही. देशभरातल्या बाराशेहून अधिक हस्तलिखितांची तुलना करून जे उत्तरकालीन ठरले ते संपादकांनी तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवले, आणि हे वाक्य त्यांपैकी एक आहे. आता कर्णाविषयीची कादंबरी वाचणाऱ्याला हे आधीच ठाऊक असेल, तर जखमेच्या जागी त्याला पाठभेद, म्हणजे हस्तलिखिता-हस्तलिखितांमधला शब्दांचा फरक, दिसू लागतो. ज्याला हे ठाऊक नाही तो कर्णाबरोबर त्या सभेत उभा राहतो. कादंबरीला हा दुसरा वाचक हवा असतो, आणि तिचा तो हक्कही आहे, कारण कवी आणि कीर्तनकारांनी शतकानुशतके जे महाभारत लोकांच्या मनात वाढवले तेही खोटे म्हणून टाकून देण्यासारखे नाही.

‘मृत्युंजय’ 1967 साली आली तेव्हा सावंतांनी तिशीही गाठली नव्हती. कादंबरीचे नऊ भाग आहेत. त्यांतले चार कर्णाच्या तोंडून येतात आणि उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून. ही बांधणी पुस्तकाचे मोठे बळ आहे. विशेषतः पत्नी वृषाली आणि भाऊ शोण, ज्यांच्याविषयी व्यासांनी फारसे काही सांगितलेले नाही, त्यांना बोलते केल्यामुळे कर्णाला घर मिळते. व्यासांच्या कर्णाला सभा, रथ आणि रणांगण आहे, घर जवळजवळ नाहीच. सावंतांची भाषा मात्र सर्वांना पेलणारी नाही. ती उपमांनी ओथंबलेली आहे, साध्या वाक्याच्या शेवटीही उद्गारचिन्ह येते, आणि कुंती बोलो की दुर्योधन, स्वर थोड्याफार फरकाने एकच राहतो. पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला ही भाषा वाहून नेते. चाळिशीत प्रथमच हाती घेणाऱ्याला ती ओलांडून जावी लागते. म्हणूनच घरातल्या किंवा ओळखीच्या एखाद्या तरुण वाचकासाठी पुस्तक निवडत असाल, तर दुसऱ्या कशाचा विचारही करू नये. जाडी पाहून मुले बिचकतील ही भीती अनाठायी आहे, कारण वाचनाची सवय नसलेल्यांनीही चार दिवसांत फडशा पाडलेले हे पुस्तक आहे.

‘युगान्त’ही 1967 चेच, आणि 1968 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इरावतीबाईंनी चिकित्सक आवृत्ती आधाराला घेतली आणि महाभारतातल्या माणसांकडे माणसे म्हणून पाहिले: त्यांची नाती, कुळे, मालमत्ता, वारसाहक्क, त्यांची वये. भीष्माच्या थोरवीपुढे सगळे हात जोडतात, पण बाई त्याच्या दीर्घ आयुष्याचा हिशोब मांडून, त्याच्या प्रतिज्ञेपायी किती स्त्रियांची आयुष्ये पणाला लागली ते दाखवतात. खांडववनाच्या दहनाला आपण अग्नीला दिलेले भोजन समजतो, तर त्या तिथे जमीन मोकळी करू पाहणारे लोक आणि जळून मेलेले वनवासी पाहतात. सगळ्यांत अस्वस्थ करणारा लेख द्रौपदीवरचा आहे. ‘आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय?’ हा तिचा प्रश्न आज आपण तिच्या तेजाचा पुरावा म्हणून सांगतो. इरावतीबाईंच्या मते ती तिची घोडचूक होती, कारण जिथे माणुसकीची हाक द्यायची तिथे ती कायद्याचा कीस काढत पंडितेसारखी वाद घालत राहिली. हे मत मला आजही पूर्ण पटलेले नाही, पण ते वाचल्यानंतर तो प्रसंग पहिल्यासारखा वाचता येत नाही, हेही खरे.

आणि त्याच लेखाच्या अखेरीस ही काटेकोर संशोधक एकदम कथाकार होते. महाप्रस्थानात, म्हणजे पांडवांच्या हिमालयाकडच्या अखेरच्या प्रवासात, द्रौपदी सर्वांच्या आधी कोसळते, युधिष्ठिर मागे वळून न पाहता तिच्या पतनाचे कारण सांगतो आणि पुढे चालू लागतो, एवढे व्यासांनी दिले आहे. तिच्याजवळ थांबलेला भीम आणि तिचे त्याच्याशी झालेले शेवटचे बोलणे हे इरावतीबाईंचे. कोणते व्यासांचे आणि कोणते आपले, ह्यात त्या वाचकाला फसवत नाहीत, आणि म्हणूनच ती कल्पना असूनही अंगावर येते. ज्यांना ‘संशोधनपर’ ह्या शब्दानेच जांभई येते त्यांनी हा एक लेख उभ्या उभ्या वाचून पाहावा. वाक्ये आखूड आहेत, शब्द रोजच्या वापरातले आहेत, समोर बसून बोलल्यासारखा सूर आहे. सर्वसाधारण वाचकाला अवघड जावे असे ह्या पुस्तकात काही नाही. अवघड जाते ते आपल्या लाडक्या पात्रांबद्दल खरे ऐकून घेणे. कर्णावर माया करणाऱ्यांची तर फार पंचाईत होते. घोषयात्रेत, म्हणजे गुरे पाहण्याच्या निमित्ताने निघालेल्या कौरवांच्या स्वारीत, गंधर्वांपुढे कर्णाने काढलेला पळ, विराटाची गुरे पळवायला गेलेल्या कौरवांच्या लढाईत अर्जुनाकडून झालेला त्याचा पराभव, द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे काढून घेण्याची त्याने केलेली सूचना, ह्या सगळ्या गोष्टी महाभारतातच आहेत, आणि इरावतीबाई त्यांच्याकडे डोळेझाक करीत नाहीत.

द्यूतसभेतल्या कर्णाच्या त्या शब्दांपाशी दोन्ही पुस्तकांमधला फरक अगदी समोरासमोर येतो. कादंबरीत आपण कर्णाच्या आत बसलेले असतो. शब्द बाहेर पडण्याआधीचा कोंडमारा आपल्याला ठाऊक असतो, त्यामुळे शब्द ऐकताना आपण त्याच्यासाठी हळहळतो. लेखात आपण सभेत बसलेले असतो, आणि तिथून फक्त शब्द ऐकू येतात. न्याय कोणत्या जागेवरून करायचा, हे वाचकाने आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवावे. ज्याला पात्रावर जीव लावायचा आहे त्याने कादंबरीकडे जावे. ज्याला पात्राला जाब विचारायचा आहे त्याला ‘युगान्त’शिवाय गत्यंतर नाही.

‘व्यासपर्व’ ह्या दोहोंच्या मधले नाही, ते तिसऱ्याच वाटेचे आहे. 1962 साली आलेल्या ह्या छोट्या पुस्तकात कृष्ण, भीष्म, कर्ण, अश्वत्थामा, द्रौपदी अशा व्यक्तींवर एकेक लेख आहे. दुर्गाबाई पुराव्याची उलटतपासणी करीत नाहीत आणि गोष्टही सांगत नाहीत. व्यासांनी एखाद्या माणसाला तसेच का घडवले असेल, त्याच्या एकटेपणाचा पोत कसा आहे, कृष्ण आणि द्रौपदी यांच्यातल्या सख्याला नेमके कोणते नाव द्यावे, अशा प्रश्नांभोवती त्या फिरत राहतात. कथा पाठ असलेल्या वाचकाला हे पुस्तक फार मोठा आनंद देते. कथा ठाऊक नसलेल्याला मात्र ते धुक्यासारखे वाटेल, कारण अश्वत्थाम्याने रात्रीच्या अंधारात काय केले, त्याचा मणी कसा गेला, हे त्या गृहीत धरतात. मी हे पुस्तक दोघातिघांना फार लवकर सुचवले आणि तिघांनीही ते सभ्यपणे परत केले. ते सुचवायचे तर ज्याची बाकीची पुस्तके वाचून झाली आहेत आणि जो आता सावकाश, दिवसाला एक लेख ह्या गतीने वाचायला तयार आहे, त्यालाच सुचवावे. एका बैठकीत संपवण्याइतके ते लहान आहे, आणि तसे वाचले तर वाया जाते.

‘ययाति’ ह्या यादीत सवयीने येते, पण तिच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. 1959 साली आलेल्या ह्या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि खांडेकरांना 1974 साली मराठीतले पहिले ज्ञानपीठ मिळाले तेव्हा नाव ह्याच पुस्तकाचे झाले. आदिपर्वातल्या एका उपाख्यानावर ती उभी आहे. कुरुक्षेत्राशी तिचा संबंध पूर्वजांपुरताच. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात आणि विषय आहे भोगाचा व संयमाचा. खांडेकरांची सुभाषितवजा वाक्ये ज्यांना आवडतात त्यांना ती जरूर आवडेल, मला ती आता जड जाते. महाभारत समजून घेण्यासाठी कुणी पुस्तक मागत असेल तर हे देऊ नये, एवढे पुरे.

‘पर्व’चे तसे नाही. मूळ कन्नड कादंबरी 1979 ची. ‘युगान्त’ वाचून ज्याला वाटते की हे सगळे कथेच्या रूपात हवे होते, त्याच्यासाठी ती आहे. भैरप्पांनी चमत्कार, शाप आणि वरदाने बाजूला काढली आणि मागे राहिली ती थकलेली, म्हातारी होत चाललेली, आठवणी उगाळणारी माणसे. युद्ध तोंडावर आले असताना मद्र देशातल्या शल्याच्या घरापासून सुरुवात होते आणि तिथेच लक्षात येते की ही वीरांची गोष्ट नसून घराघरांतल्या हिशोबांची आहे. नियोग (पतीऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून संतती मिळवण्याची जुनी रीत), कुंतीची मुले, पाच पतींमध्ये विभागले गेलेले द्रौपदीचे आयुष्य ह्या गोष्टी लेखक झाकून ठेवत नाही. पुस्तक मोठे आहे आणि वेग संथ आहे. ‘मृत्युंजय’च्या वेगाची सवय झालेल्याला पहिली शंभर पाने कठीण जातात. उमा कुलकर्णी यांचे मराठी इतके सहज आहे की अनुवाद वाचतो आहोत हे विसरायला होते, आणि वाचनाचा निम्मा शीण त्यामुळे कमी होतो. वयाने आणि वाचनाने थोडा मुरलेला वाचक असेल, तर त्याला मी ‘मृत्युंजय’ वगळून थेट ‘पर्व’ देईन.

ह्यांपैकी एकही पुस्तक महाभारताची कथा आरंभापासून शेवटपर्यंत सरळ सांगत नाही, हे नव्या वाचकाला आधी सांगून ठेवावे. ज्याला शंतनू आणि विचित्रवीर्य यांच्यातले नातेही चटकन आठवत नाही, त्याने कोणतेही एक संक्षिप्त, गद्य महाभारत आठवडाभरात वाचून काढावे आणि मग इकडे वळावे. त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. अठरा पर्वांतली नावे भल्याभल्यांच्या तोंडून गोंधळतात.

आणि ज्यांच्या हाती माझ्यासारखे ‘युगान्त’ आधी पडले आहे, त्यांनी ‘मृत्युंजय’ लगेच उघडू नये. मध्ये पाच-सहा वर्षे जाऊ द्यावीत. मी ती पुन्हा वाचली तेव्हा कर्णाशी वाद घालणे सुटले होते. वृषालीचा भाग सुरू झाल्यावर मला प्रथमच जाणवले की व्यासांनी आणि इरावतीबाईंनीही जिच्याकडे फारसे पाहिले नाही, ती बाई इथे एवढा वेळ बोलते आहे.