थंडरबर्डचं नवं रूप: जुळवून घ्यायचं, बेटरबर्ड घ्यायचा की आउटलुककडे जायचं?

जुलै २०२३ मध्ये थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमची ११५ ही आवृत्ती 'सुपरनोव्हा' नावाने आली आणि सवयीची खिडकी एका अपडेटमध्ये बदलली. वर सगळ्या विभागांसाठी एकच टूलबार आला. उत्तर द्या, डिलीट, आर्काइव्ह ही बटणं त्यावर आपसूक नव्हती, मेन्यू बार त्या टूलबारच्या खाली गेला. डावीकडची चिन्हांची उभी पट्टी त्याआधीच्या १०२ या आवृत्तीतच आली होती. २०२४ ची १२८ आणि २०२५ ची १४० याच पायावर उभ्या आहेत. त्यामुळे जुनं रूप पुढच्या अपडेटला परत येईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. निर्णय आताच करायचा आहे आणि तो करताना एक फरक आधी लक्षात घ्यायला हवा: दिसण्याची तक्रार वेगळी, काम अडण्याची वेगळी. पहिलीसाठी प्रोग्रॅम बदलणं म्हणजे भिंतीचा रंग आवडला नाही म्हणून घर सोडणं.

आहे त्यातच राहायचं असेल तर

दिसण्याच्या बहुतेक तक्रारी अर्ध्या तासात मिटतात. क्रम असा ठेवा.

मेसेजची यादी दोन-तीन ओळींच्या कार्डांसारखी दिसत असेल, तर यादीच्या वर उजवीकडच्या डिस्प्ले ऑप्शन्सच्या चिन्हावर क्लिक करून 'टेबल व्ह्यू' निवडा. विषय, पाठवणारा, तारीख असे रकाने परत येतात. वाचायचा भाग खाली हवा की बाजूला, ते व्ह्यू मेन्यूतल्या लेआउटमध्ये ठरतं: जुनी मांडणी म्हणजे 'क्लासिक व्ह्यू'. मेन्यू बार दिसत नसेल तर ऑल्ट दाबा, तो तात्पुरता उघडेल. मग व्ह्यू, टूलबार्स, मेन्यू बार असं जाऊन तो कायमचा करा. डावीकडची चिन्हांची पट्टी नको असेल तर त्याच टूलबार्सच्या यादीतून 'स्पेसेस टूलबार' काढून टाकता येते.

वरच्या टूलबारवर उजवं क्लिक करून 'कस्टमाइझ' उघडलं की डिलीट, जंक, उत्तर द्या ही बटणं पुन्हा बसवता येतात. फार जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी की बटणांचा संच प्रत्येक विभागासाठी वेगळा असतो. मेलच्या विभागात बसवलेली बटणं कॅलेंडरमध्ये दिसणार नाहीत. ती हरवलेली नाहीत, तिथे नव्याने बसवायची आहेत. खिडकीची शीर्षकपट्टी परत हवी असेल तर सेटिंग्जमधल्या जनरल पानावर ती लपवण्याची खूण काढा.

ओळींमधलं अंतर उजवीकडच्या तीन रेघांच्या मेन्यूत 'डेन्सिटी'खाली बदलतं: कॉम्पॅक्ट, डिफॉल्ट, रिलॅक्स्ड. अक्षरांचा आकार तिथेच खाली. मराठी पत्रव्यवहार जास्त असेल तर कॉम्पॅक्ट टाळा. इंग्रजी विषयांना ते चालतं, पण देवनागरीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात, दाट ओळींत डोळे शिणतात. आणखी एक गोंधळ नेहमी होतो. सेटिंग्जमध्ये 'फॉन्ट्स फॉर देवनागरी' बदलूनही यादीतली अक्षरं तशीच राहतात. कारण ती सेटिंग फक्त मेसेजच्या मजकुरापुरती असते. यादी आणि मेन्यू विंडोजचा स्वतःचा फॉन्ट घेतात, देवनागरीसाठी सहसा निर्मला यूआय.

आता क्रमवारी. नवा मेल तळाशी जाणं किंवा उत्तरं धाग्यात गुंडाळली जाणं, हे एका फोल्डरमध्ये बदललं तरी बाकीच्यांत जुनंच राहतं, आणि सर्वात जास्त चिडचिड इथे होते. उपाय: एक फोल्डर मनासारखा लावा, रकान्यांच्या ओळीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा आणि सध्याची मांडणी दुसऱ्या फोल्डरला आणि त्याच्या उपफोल्डरांना लावण्याचा पर्याय घ्या. प्रत्येक खात्याच्या मुळापासून एकदा केलं की सुटलात. १४० पासून सेटिंग्जमध्ये 'अपिअरन्स' हे वेगळं पान आहे. तिथे कार्ड की टेबल, क्रम आणि धागे हे सगळ्यांसाठी एकदम ठरवता येतं.

शोधण्याची तक्रारही अशीच. वरची मोठी पेटी सगळ्या खात्यांत शोधते आणि निकाल वेगळ्या टॅबमध्ये दाखवते. समोरच्या फोल्डरपुरतं गाळायचं असेल तर ती वापरूच नका, कंट्रोल-शिफ्ट-के दाबून क्विक फिल्टर उघडा.

इथे खरं काम अडतं

ॲड-ऑनची अडचण सेटिंग्जने सुटत नाही. अनेक ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, थंडरबर्डच्या आतल्या रचनेत हात घालून चालतात. ती रचना बदलली की लेखकाने दुरुस्ती करेपर्यंत ते बंद पडतात. ११५ मध्ये मेसेजची यादी आणि फोल्डरांचा भाग नव्याने लिहिला गेला, म्हणून तेव्हा पडझड जास्त झाली. युजरक्रोम या सीएसएस फाइलने रूप बदलणाऱ्यांचे जुने नियमही याच कारणाने चालेनासे झाले. तुमचं रोजचं काम एखाद्या ॲड-ऑनवर उभं असेल, तर अपडेटच्या आधी त्याच्या पानावर पुढच्या आवृत्तीची नोंद आहे का ते बघा.

यालाच जोडून: मार्च २०२५ पासून थंडरबर्डच्या साइटवर आपसूक मिळणारी आवृत्ती दर महिन्याला बदलणारी आहे. ज्यांना बदलांचाच त्रास आहे त्यांनी ती घेऊ नये. डाउनलोड पानावर ईएसआर निवडा. ती वर्षातून एकदाच मोठी उडी घेते, मधल्या काळात फक्त दुरुस्त्या आणि सुरक्षा येते. कार्यालयात चार-पाच संगणक सांभाळणाऱ्यांसाठी मला ईएसआर सोडून दुसरा पर्याय योग्य वाटत नाही.

बेटरबर्ड

थंडरबर्डच्या ईएसआरवरच बांधलेला हा वेगळा प्रकल्प. मूळ प्रोग्रॅम तोच, वर स्वतःच्या दुरुस्त्या आणि काही जास्तीच्या सोयी. शिस्तीत रकानेही हवेत आणि प्रत्येक मेसेज दोन ओळींतही हवा, अशांसाठी त्यातली मल्टीलाइन यादी थंडरबर्डच्या कार्डांपेक्षा सरस आहे. फोल्डरांची रंगीत चिन्हंही त्याची ओळख. नेमका एखादा दोष छळत असेल आणि तो इथे दुरुस्त झालेला असेल, तर बदल सार्थ आहे.

पण रूप साधारण तेच राहणार. ११५ नंतरच्या मांडणीलाच ज्यांचा विरोध आहे त्यांना इथे १०२ सापडणार नाही. शिवाय टीम लहान, खर्च देणग्यांवर. शंभर जणांच्या संस्थेत बसवण्याआधी हा विचार करायला हवा. एकट्या वापरणाऱ्याला त्याची तेवढी काळजी नको, कारण प्रोफाइल (मेल आणि सेटिंग्ज ठेवणारा फोल्डर) त्याच जातीची असते आणि मेल अडकून पडत नाही.

जुन्या आवृत्तीवर परत जाणं

हा मार्ग सगळ्यात मोहाचा आणि सगळ्यात वाईट. १०२ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत, आणि अनोळखी लोकांनी पाठवलेलं एचटीएमएल उघडणं हेच ज्याचं काम, तो प्रोग्रॅम विनादुरुस्ती चालवणं धोक्याचं. दुसरं असं की नव्या आवृत्तीने उघडलेली प्रोफाइल जुनी आवृत्ती स्वीकारत नाही. नवी प्रोफाइल करा नाहीतर बाहेर पडा, एवढंच सांगते. घाबरलेला माणूस नवी करतो, रिकामा इन्बॉक्स बघतो आणि मेल गेले असं समजतो. मेल जुन्या प्रोफाइलमध्ये जागेवरच असतात. विंडोज ७ किंवा ८.१ वर असाल तर मात्र ११५ हीच शेवटची चालणारी आवृत्ती, तिथे प्रश्न मेल प्रोग्रॅमचा नसून संगणकाचा आहे.

आउटलुक

इथे दोन वेगवेगळे प्रोग्रॅम एकाच नावाने वावरतात. 'क्लासिक' आउटलुक हा जुना, संगणकावर बसणारा. मायक्रोसॉफ्टने त्याला किमान २०२९ पर्यंत आधार देण्याचं जाहीर केलं आहे. 'नवं' आउटलुक मुळात वेबवर चालणाऱ्या आउटलुकचंच रूप आहे, आणि विंडोजमधला मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला संपल्यावर बहुतेकांच्या समोर हेच येतं.

थंडरबर्डशी तुलना करताना रंगरूप बाजूला ठेवा आणि मेल कुठे राहतो ते विचारा. थंडरबर्ड थेट तुमच्या मेल सर्व्हरशी बोलतो आणि प्रत तुमच्या डिस्कवर ठेवतो. नव्या आउटलुकमध्ये जीमेल किंवा इतर आयमॅप खातं (ज्यात मेल सर्व्हरवरच राहतो) जोडलं की त्यातला मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी सिंक होतो. खातं जोडताना तशी सूचना येते, ती वाचून मगच पुढे जा. वकील, डॉक्टर, सीए यांनी तर नक्कीच. शिवाय नव्या आउटलुकमध्ये जुने कॉम ॲड-इन (क्लासिक आउटलुकला जोडले जाणारे छोटे प्रोग्रॅम) चालत नाहीत, आणि वर्गणी नसेल तर इन्बॉक्समध्ये जाहिराती दिसतात. कार्यालयात मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच असेल, कॅलेंडर आणि बैठकाही तिथेच चालत असतील, तर आउटलुक सोयीचं आहे यात वाद नाही. तेव्हाही क्लासिक मिळत असेल तर क्लासिक घ्या.

स्थलांतराचा खर्च मात्र आधी मोजा. थंडरबर्ड ज्या एमबॉक्स फाइलींत मेल साठवतो, त्या आउटलुक सरळ घेत नाही. खात्रीचा रस्ता म्हणजे जुने फोल्डर थंडरबर्डमधूनच आयमॅप खात्यात ओढून टाकणं. गूगल वर्कस्पेसच्या खात्यावर आयमॅपने दिवसाला ५०० एमबी चढवण्याची मर्यादा आहे, म्हणजे १० जीबीला साधारण वीस दिवस. एकदम ओढलंत तर मध्येच अडकेल आणि कुठवर गेलं ते कळणार नाही. वर्षवार फोल्डर करून एकेक न्या, आणि दोन्हीकडची संख्या जुळल्याशिवाय मूळ फोल्डर काढू नका.

काहीही ठरवण्याआधी

हेल्प मेन्यूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. प्रोफाइल फोल्डरच्या ओळीत 'ओपन फोल्डर' आहे. फोल्डर उघडला की थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. टूल्समधली एक्स्पोर्टची सोय २ जीबीच्या आतल्या प्रोफाइलसाठीच आहे, मोठ्या साठ्याला हाताने कॉपी हाच उपाय.

बेटरबर्ड आजमावताना ही कॉपी वापरा, मूळ नाही. आणि खातं पॉपचं (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारं) असेल तर त्याआधी दोन्हीकडे खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' चालू आहे का ते बघा. ते बंद असेल तर जो प्रोग्रॅम आधी मेल उतरवेल तो सर्व्हरवरून पुसून टाकेल, आणि आठवडाभराच्या चाचणीनंतर निम्मा पत्रव्यवहार एका प्रोफाइलमध्ये तर निम्मा दुसरीत सापडेल.