नाव झिजलेला युरेथेन बॉल: सात महिने वापरून झाल्यावर

डेट्रॉइटजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात सप्टेंबरमध्ये हा टेनपिन बोलिंगचा (दहा पिना पाडायच्या खेळाचा) बॉल चार डॉलरला मिळाला. काळपट तपकिरी, १५ पौंडी. लोगो इतका झिजलेला, की बोट फिरवलं तरच खाच लागायची. प्रो शॉपवाल्याने, म्हणजे बोलिंगच्या सामानाच्या दुकानदाराने, हातातही न घेता सांगितलं, "प्लास्टिक आहे, स्पेअरला (उरलेल्या पिना पाडायला) वापरा." मला पटलं नाही. प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिस्टरच्या, बॉलला काचेसारखी चकाकी येते. हा कितीही पुसला तरी मंदच, आणि तळहाताला किंचित धरून ठेवणारा, म्हणजे युरेथेनचा, पॉलिस्टरहून मऊ आणि पकड घेणाऱ्या आवरणाचा, असावा.

घरी खाचांमध्ये खडू भरला, दिवा घालवला आणि बाजूने टॉर्च मारला. सिरियल नंबरचे पाच आकडे उमटले आणि नावाचं पहिलं अक्षर, ए! एएमएफ कंपनीचा १९८१चा अँगल, ज्याने युरेथेनचं युग सुरू केलं, तोच असावा म्हणून छाती धडधडली. पण दुसरं अक्षर खालून गोल निघालं, म्हणजे एन नव्हे. फेबॉल कंपनीच्या हॅमर बॉलवर हातोडीचं चित्र असतं, इथे तिचा दांडासुद्धा नाही. आतल्या वजनाची जागा दाखवणारा ठिपका (त्यालाही पिन म्हणतात) मात्र लोगोला अगदी चिकटून, म्हणजे आत जुना पॅनकेक ब्लॉक, चपट्या वजनाचा ठोकळा, असणार. लीगमधल्या मित्राच्या ड्युरोमीटरवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या यंत्रावर, डी-स्केलचं ७६ आलं. पॉलिस्टर सहसा ८०च्या आसपास जातं. युरेथेन म्हणायला मला एवढं पुरेसं होतं.

अंगठ्याचं भोक बुजवून माझ्या मापाचं करून घेतलं. कडेचं बॅलन्स होल, म्हणजे बोटांसाठी नसलेलं, तोल साधायचं भोकही बुजवावं लागलं, कारण १ ऑगस्ट २०२०पासून यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या लीगमध्ये ते चालत नाही. या कामाला बॉलच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेले. तरी पुन्हा करेन.

खरी ओळख लेनवर, म्हणजे बॉल टाकायच्या तेल लावलेल्या पट्टीवर, पटली. माझा रिअ‍ॅक्टिव्ह (नव्या प्रकारच्या, जास्त वळणाऱ्या आवरणाचा) बॉल तेलावरून सरळ घसरतो आणि कोरड्या भागात एकदम वळतो. हा आधीच लेन पकडतो आणि दोरीने ओढल्यासारखा सावकाश कमान घेत पॉकेटमध्ये, पहिल्या पिनेच्या बाजूच्या फटीत, शिरतो. पहिल्या गेमला इतका भरवशाचा बॉल माझ्याकडे दुसरा नाही. तिसऱ्या गेमला मात्र त्रास देतो. युरेथेन तेल फारसं शोषत नाही, ते पुढे ढकलत नेतं; मग पुढची कोरडी जागा निसरडी होते, बॉल वळायचा थांबतो आणि दहा नंबरची पिन उभीच राहते. तेव्हा मी सरळ बॉल बदलते. ५०० ग्रिटच्या (आकडा जितका कमी तितका खरखरीत) पॅडने पृष्ठभाग खरखरीत ठेवला की पकड जरा जास्त टिकते; १०००वर तो माझ्या हाताला फार घसरला.

जानेवारीत एक रात्र तो गाडीच्या डिकीत राहिला. सकाळी अंगठ्याच्या भोकाशेजारी केसासारखी रेघ दिसली आणि पोटात धस्स झालं. जुन्या बॉलला असा थंडी-गरमीचा झटका सोसत नाही. नखाने चाचपली, नख अडकलं नाही. तेव्हापासून तो घरात, कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या टॉवेलवर असतो, आणि दर रविवारी ती रेघ वाढली का ते मी टॉर्च लावून बघते.