‘ऑल इन्क्लुझिव्ह’ घटस्फोटाचे ६२,००० रुपये

लिहायची लाज वाटतेय, पण वकील म्हणवून मला फसवणाऱ्या माणसालाच परवा ऑफिसमधली एक मुलगी फोन लावत होती म्हणून लिहितेय.

आमचं भांडण वगैरे काही उरलं नव्हतं, वर्षाच्या वर वेगळे राहतोय, घटस्फोट म्युच्युअलनेच, म्हणजे दोघांच्या संमतीने घ्यायचा ठरलेला. खर्चाचा अंदाज असावा म्हणून मी वहीत सगळं मांडलं होतं, वकील, कोर्ट फी, तारखांना बुडणारा पगार, भाड्याच्या घराचं डिपॉझिट. डिपॉझिट सोडून ६०-६५ हजार बसत होते. "ताई, बजेट काय धरलंय?" असं या ‘वकिलाने’ पहिल्याच भेटीत विचारलं आणि मी वहीच उघडून दिली त्याच्यापुढे!

मग बिलं आली. ॲडव्हान्स १८,०००. पोटगीच्या रकमेवर टक्केवारीने ‘कोर्ट फी’ २४,५००. संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, ते लागू नये म्हणून १२,०००. कोर्टाच्या काउन्सेलरचे ७,५००. बेरीज करा, बरोब्बर माझ्या वहीतला आकडा. मी अकाउंट्सला आहे हो, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, २०० रुपयांच्या व्हाउचरवरून लोकांना परत पाठवते, आणि २४,५०० ची कोर्ट फी स्कॅन केली तेव्हा फोनवर कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं नाव आलेलं दिसूनही पिन टाकला. सरकारी फी मोबाइलच्या दुकानात का जाईल? तिथेच उठायला हवं होतं. पण त्या महिन्यात चार तासांच्या वर झोप नव्हती आणि आईला रोज "झालं का" ला उत्तर द्यायचं होतं, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

पंधरा दिवसांत हातात आला ५०० चा स्टॅम्प पेपर, त्यावर नोटरीचा लाल गोल शिक्का. पासपोर्टच्या कामाला गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, कुठंय? आमच्यासारख्यांचा घटस्फोट नोटरीकडे होतच नाही, कोर्टाची डिक्रीच लागते. पिटिशन नंबर मागा आणि ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा, नंबर नसेल तर केसच नाही.

चौकीत गेले तर साहेब म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला तर तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत ना, चौकीत जा. परत चौकी, तर साहेब बंदोबस्ताला. वकिलांच्या कौन्सिलकडे गेले तर तो वकीलच नाही म्हणून तक्रार घेता येत नाही. म्हणजे खरा वकील असता तर बरं होतं! चार चकरा, चार हाफ डे, एफआयआर नाहीच, नुसता अर्ज घेतला, त्यावर पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता.

आणि सगळ्यात जळलं ते हे की महाराष्ट्रात घटस्फोटाच्या केसमध्ये बाईला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. काउन्सेलर फुकट. सहा महिने माफ करायचे की नाही ते जज ठरवतात, २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे, त्याचा रेट नसतो. वकिलाला आधी सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर विचारा. बजेट कुणालाही सांगू नका.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, अगं पण आमच्याकडे मुली बघायला सुरुवात झालीये.

आता नव्याने पिटिशन टाकलंय. वकील लीगल एडमधून, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीतून मिळाला, बाईला उत्पन्नाची अट नसते. आत्तापर्यंत झेरॉक्स आणि फोटोचे मिळून १८० रुपये गेलेत.