मज्जारज्जूच्या आतली गाठ: एका न्यूरोसर्जरी विभागाच्या सेवेविषयी

माझ्या थोरल्या बहिणीच्या मानेतील मज्जारज्जूच्या आत वाढलेला एपेन्डिमोमा (एक प्रकारची गाठ) ज्या विभागात काढला, तेथील सेवेविषयी हे लिहीत आहे. प्रौढांमध्ये मज्जारज्जूच्या आत होणाऱ्या गाठींत एपेन्डिमोमाच सर्वाधिक आढळतो, पण मुळात अशा गाठीच दुर्मीळ असल्यामुळे विभागाची पारख कशावरून करावी, हे निदान झाले तेव्हा आम्हाला सांगणारे कोणी नव्हते.

मला या विभागाचा मोठेपणा जाणवला तो शस्त्रक्रियेआधीच्या संभाषणात. न्यूरोसर्जननी अहवालाचा कागद बाजूला ठेवून एमआरआयची मूळ चित्रे स्वतः पाहिली. अशा गाठी कधी कधी न्यूरोफायब्रोमॅटोसिस दोन या आनुवंशिक विकाराचा भाग असतात, म्हणून मेंदूचा आणि संपूर्ण मणक्याचा एमआरआयही करून घेतला. नंतर त्यांनी कोऱ्या कागदावर मज्जारज्जूचा आडवा छेद काढला आणि मागच्या बाजूच्या मध्यरेषेवर पेन टेकवून, याच फटीतून आत जावे लागते, असे दाखवले. त्या फटीच्या दोन्ही अंगांना हातपाय कोठे आहेत याची जाणीव मेंदूपर्यंत नेणारे तंतू असतात. त्यामुळे गाठ पूर्ण निघाली तरी सुरुवातीला चालणे आजच्यापेक्षा बिघडण्याची बरीच शक्यता आहे, हे त्यांनी आम्हा नातेवाइकांना नव्हे, तर थेट बहिणीला सांगितले. आधी दाखवलेल्या एका ठिकाणी ‘गाठ साधी आहे, काढली की बरे वाटेल’ एवढेच ऐकले होते. मग थांबून पाहिले तर काय, असे तिने विचारले, तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी हातापायांत जेवढी शक्ती शिल्लक असते, त्यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते, म्हणून पाय लुळे पडेपर्यंत वाट पाहू नये, असे सरळ उत्तर मिळाले.

शस्त्रक्रियेत मज्जारज्जूतून जाणाऱ्या विद्युत संदेशांवर सतत लक्ष ठेवणारा तज्ज्ञ उपस्थित असतो का, हा प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे. येथे तो तज्ज्ञ आदल्या दिवशी स्वतः येऊन भेटला. स्नायू शिथिल करणारी औषधे चालू राहिली तर हे संदेश नीट मिळत नाहीत, म्हणून भूलतज्ज्ञांशी आधीच बोलणे झाले आहे, आणि संदेश क्षीण होऊ लागले तर सर्जन हात थांबवतात, गरज पडल्यास गाठीचा काही भाग तसाच सोडतात, हेही त्याने समजावले. गाठ पूर्ण निघाली. बायोप्सीचा अहवाल दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे सहसा सावकाश वाढणाऱ्या गाठीचा आला, त्यामुळे रेडिएशन न देता ठरावीक अंतराने एमआरआय करून लक्ष ठेवायचे ठरले. अतिदक्षता विभाग आणि वॉर्डातील परिचारिका यांच्याविषयी एका शब्दाचीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती घरी पाठवण्याच्या व्यवस्थेविषयी. सांगितले होते तसेच झाले: डोळे मिटले की आपला पाय कोठे आहे ते बहिणीला कळत नव्हते, आणि अंधारात दोन पावले टाकणेही धोक्याचे होते. असे असताना डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी आणि पुढची तारीख एवढेच होते. फिजिओथेरपीचा उल्लेख ‘आवश्यकतेनुसार’ या एका शब्दात उरकला होता. तोल आणि जाणिवेचे व्यायाम शिकवणारी व्यक्ती आम्हालाच शोधावी लागली आणि त्यात मोलाचे दिवस गेले. ज्या विभागाने धोका इतक्या स्पष्टपणे सांगितला, त्याने त्या धोक्यानंतरची वाटही आखून द्यायला हवी होती. मी हे त्यांना लेखी कळवले आहे.

तरीही अशा गाठीसाठी मी हाच विभाग सुचवेन. मात्र शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच फिजिओथेरपिस्टची भेट ठरवून घ्यावी, आणि घरी परतण्यापूर्वी रुग्णाला डोळे उघडे व मिटलेले असे दोन्ही प्रकारे उभे करून पाहण्याचा आग्रह धरावा.