डीसीएफडीए की आरओजीएफपी? पेशीतलं पेरॉक्साइड बघायचं तर

प्रोब, म्हणजे पेशीतला एखादा रेणू चमकून दाखवणारा डाय किंवा प्रथिन, निवडायची वेळ बहुतेक घाईतच येते. औषध दिलं, पेशी मेल्या, गाइड म्हणतात, "एकदा आरओएस बघून घे." आरओएस म्हणजे पेरॉक्साइड, सुपरऑक्साइड यांसारखे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू. फ्रीजरमध्ये डीसीएफडीएची (ऑक्सिडाइझ झाला की हिरवा चमकणाऱ्या डायची) कुपी कुणीतरी ठेवलेलीच असते, शेजारच्या टेबलावरच्या सिनियरकडे प्रोटोकॉल असतो, आणि निवड आपोआप होऊन जाते. माझीही तशीच झाली होती. अडीच वर्षं मी डीसीएफडीए वापरला, मग आरओजीएफपी२-ओआरपी१ या प्रथिन-प्रोबकडे वळलो. पुढची तुलना मुख्यतः या दोघांची आहे. बाकीचे प्रोब जाता जाता येतील.

डीसीएफडीएची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. सीरम नसलेल्या बफरमध्ये १० मायक्रोमोलर, अर्धा तास अंधारात, धुतलं की ४८८ नॅनोमीटरच्या प्रकाशावर वाचायला तयार. कुठलीही पेशी चालते. रक्तातून नुकत्याच वेगळ्या केलेल्या, दोन दिवसांत मरणार असलेल्या पेशीसुद्धा चालतात. ९६ विहिरींची प्लेट एका दुपारी उरकते आणि फ्लो सायटोमीटरचा (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राचा) हिरवा चॅनेल सगळीकडेच असतो. ही पद्धत १९६५ सालची, केस्टन आणि ब्रँट यांची. त्यामुळे तुमच्या पेशीवर, तुमच्या औषधावर कुणीतरी ती आधी वापरलेली असण्याची शक्यता दाट. पहिल्या महिन्यात माझे आलेख असे काही सुंदर यायचे की विचारू नका.

खटका उडाला तो मायक्रोस्कोपवर. काहीच न दिलेल्या कंट्रोल पेशी होत्या. फोकस करता करता कुणीतरी बोलायला आलं आणि शटर उघडंच राहिलं. दीडएक मिनिटाने परत डोळा लावला तर कंट्रोल पेशी औषध दिलेल्या पेशींपेक्षा हिरव्या. आधी वाटलं डिश अदलाबदल झाली. दुसऱ्या दिवशी नवीन डिश घेतली, फील्ड डायफ्राम (प्रकाशाचं वर्तुळ लहानमोठं करणारी झडप) मुद्दाम लहान केला, मधल्या गोल तुकड्यावर तेवढा एक मिनिट प्रकाश पाडला आणि मग डायफ्राम पूर्ण उघडला. समोर स्वच्छ, कडा असलेलं हिरवं वर्तुळ. आतल्या पेशी पेटलेल्या, बाहेरच्या मंद. औषध नाही, ताण नाही. मी बघितलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

यावर कुणी म्हणेल, मग शटर बंद ठेवा. ठेवलं. पण त्यानंतर प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघायची सवय लागली ती लागलीच. डावीकडच्या विहिरी आधी फोकस झाल्या की उजवीकडच्या? या डिशमध्ये चांगलं फील्ड शोधायला जास्त वेळ लागला का? दर पाच मिनिटांनी वाचन घेतलं तर चढणारी रेषा पेशींची की प्लेट रीडरच्या झोताची? जुन्या वह्या उघडून बसलो. कंट्रोल नेहमी पहिल्या स्तंभात आणि औषध पुढे, म्हणजे डाय घातल्यानंतर औषधाच्या विहिरींना वेळही जास्त मिळत होता. ते सगळे सुंदर आलेख चुकीचे होते असं मी म्हणत नाही. बरोबर होते हे सांगता येईना, इतकंच.

त्यामागचं कारण ठाऊक असलं तर चीड आणखी वाढते. हायड्रोजन पेरॉक्साइड या डायला स्वतःहून जवळजवळ हात लावत नाही. मध्ये लोह, पेरॉक्सिडेज किंवा सायटोक्रोम सी असा कुणीतरी मध्यस्थ लागतो. म्हणजे पेशी मरताना मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर आलं तर पेरॉक्साइड तेवढंच असूनही हिरवा रंग वाढू शकतो. आपण तर बहुतेक वेळा मरणाऱ्या पेशीच बघत असतो! त्यावर कडी म्हणजे डायचा अर्धवट ऑक्सिडाइझ झालेला रॅडिकल ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड तयार करतो आणि त्यातून पेरॉक्साइड. मोजायला बोलावलेला माणूसच माल आणून टाकतोय.

आरओजीएफपी२-ओआरपी१ हा वेगळ्या जातीचा प्रोब. डाय नाही, प्रथिन आहे, पेशीलाच ते बनवायला लावायचं. यीस्टमधलं ओआरपी१ हे पेरॉक्सिडेज पेरॉक्साइड पकडतं आणि तो धक्का शेजारच्या आरओजीएफपी२ ला देतं, तिथे दोन सिस्टीनमध्ये डायसल्फाइड बंध तयार होतो. हायडेलबर्गच्या टोबियास डिक यांच्या गटाने हे २००९ साली मांडलं. बंध झाला की ४०५ वर उजळ, ४८८ वर मंद. दोन्हींचं गुणोत्तर घ्यायचं. पेशी जाड असो, प्रथिन कमीजास्त बनलेलं असो, फोकस थोडा हललेला असो, गुणोत्तर फारसं हलत नाही. शिवाय पेशीच्या स्वतःच्या यंत्रणेने हा बंध परत सुटतो. पेरॉक्साइड घालून सिग्नल वर गेलेला आणि मग पेशीने तो हळूहळू खाली आणलेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. डीसीएफडीए फक्त वर जातो. त्याला परतीची वाट नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेवटी त्याच पेशींवर आधी डायमाइड (प्रोब पूर्ण ऑक्सिडाइझ करणारं) आणि मग डीटीटी (तो पूर्ण उलटवणारं) घालून वरची आणि खालची टोकं मिळतात. त्यामुळे "१.८ पट वाढला" अशा हवेतल्या आकड्याऐवजी प्रोब किती टक्के ऑक्सिडाइझ झालाय ते सांगता येतं. मार्चमधलं आणि ऑगस्टमधलं वाचन एकाच पानावर मांडता येतं. डीसीएफडीएवर मला ते कधी जमलं नाही. कुणाला जमत असेल तर हात जोडतो.

आता त्रासही सांगितला पाहिजे. स्थिर सेल लाइन बनवण्यात माझे दोन महिने गेले आणि पहिल्या खेपेचे क्लोन टाकून द्यावे लागले. प्रथिन अति बनत होतं, पेशी खंगल्यासारख्या दिसत होत्या. प्राथमिक (थेट शरीरातून काढलेल्या) पेशींत घालायचं तर विषाणू-वाहक लागतो, ते सगळ्यांकडे नसतं. सायटोमीटरला ४०५ आणि ४८८ असे दोन्ही लेसर हवेत. ४०५ वर पेशींची स्वतःची चमकही थोडी येते, ती वजा करायला प्रोब नसलेल्या पेशी शेजारी ठेवाव्याच लागतात. सिग्नलचा पल्ला डीसीएफडीएइतका दणदणीत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याचा हिरमोड होतो. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (प्रथिनांची घडी घालणाऱ्या पेशीतल्या जाळ्यात) तर हा प्रोब आधीच पूर्ण ऑक्सिडाइझ होऊन बसतो, तिथे उपयोग नाही. आणि सुपरऑक्साइड हवं असेल तर हा प्रोब नकोच.

सुपरऑक्साइडसाठी लोक डीएचई हा डाय घेतात. घ्या, पण मायक्रोस्कोपवर लाल दिसलं म्हणजे सुपरऑक्साइड असं लिहू नका. सुपरऑक्साइडपासून २-हायड्रॉक्सीइथिडियम होतं, इतर मार्गांनी साधं इथिडियम, आणि दोन्ही लाल. वेगळे करायला एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करणारं तंत्र) लागतं. मायटोसॉक्सचीही (डीएचईच्या मायटोकाँड्रियात जाणाऱ्या रूपाचीही) तीच गोष्ट, वर आणखी एक अडचण: तो मायटोकाँड्रियाच्या विभवावर (पडद्यावरच्या विद्युतदाबावर) आत ओढला जातो, म्हणजे औषधाने विभव पाडलं तर प्रोबच भलतीकडे जातो. पेशीबाहेर पडणारं पेरॉक्साइड हवं असेल तर अॅम्प्लेक्स रेड आणि पेरॉक्सिडेज ही जोडी उत्तम. एकास एक हिशेब, प्रमाणरेषा काढता येते, पेरॉक्साइड मोडणारं कॅटॅलेज घालून खात्री करता येते. हायपर हा आरओजीएफपीचा भाऊबंद. २००६ चा मूळ हायपर सामूला फार हळवा होता, २०२० चा हायपर७ त्या मानाने शहाणा. आज शून्यापासून सुरुवात करायची असती तर मी कदाचित तोच आधी मागवला असता.

एक आडवळणाची सूचना. औषध स्वतः चमकतं का, हे प्रोबशिवाय आधी बघा. कर्क्युमिन हिरव्यात चमकतं, डॉक्सोरुबिसिन लालमध्ये. एका सेमिनारला मी कर्क्युमिनवरचा भरघोस वाढलेला डीसीएफ सिग्नल पाहिला होता आणि फक्त औषधाचा कंट्रोल कुठे आहे असं विचारल्यावर खोलीत शांतता पसरली होती. तो सेमिनार माझाच होता. प्रश्न मागच्या रांगेतून आला होता.

तर मग कोणता? पन्नास संयुगांतून पाच निवडायची आहेत, हातात आठवडा आहे, पेशी प्राथमिक आहेत, अशा वेळी डीसीएफडीए घ्या, संकोच नको. फक्त कंट्रोल आणि औषध प्लेटभर विखरा, वाचन एकदाच घ्या, आणि पेपरात "ऑक्सिडेशन वाढलं" एवढंच लिहा, "पेरॉक्साइड वाढलं" नको. २०२२ साली "नेचर मेटाबॉलिझम"मध्ये या क्षेत्रातल्या जाणकारांनी छापलेल्या सूचनांचाही रोख तोच आहे: मोघम आरओएस म्हणू नका, कोणता रेणू ते सांगा. रिव्ह्यूअर हल्ली त्यावर बोट ठेवतात. पण एकाच सेल लाइनवर वर्ष-दोन वर्षं काम करणार असाल, प्रश्न पेरॉक्साइडचा असेल आणि "कुठे" व "केव्हा" यांना महत्त्व असेल, तर ते दोन महिने आधीच खर्ची घाला असं मला तरी वाटतं. मी ते अडीच वर्षं उशिरा घातले.

डीसीएफडीएची कुपी अजून फ्रीजरमध्ये आहे, फॉइलमध्ये गुंडाळलेली. नवीन मुलगा किंवा मुलगी प्रयोगशाळेत आली की पहिल्या आठवड्यात ती काढतो, कंट्रोल पेशींवर घालतो, डायफ्राम लहान करतो, मिनिटभर थांबतो आणि मग पूर्ण उघडून त्यांना डोळा लावायला सांगतो.